शंभर मीटर

आमच्या घरी सकाळचा पहिला चहा होण्याआधी दोन कामं होतात. गच्चीवर मूठभर ज्वारी टाकायची आणि मागच्या दारी मुंग्यांना चिमूटभर साखर. सासूबाई करायच्या, त्यांच्या सासूबाई करायच्या, म्हणून मी करते. आपल्या तोंडात काही जायच्या आधी दुसऱ्या कुठल्या तरी जिवाच्या तोंडात पडावं, एवढंच त्यामागं. त्यामुळं ‘बाई, तुझ्या एका मुठीनं एखाद्या जिवाचं मरण ओढवेल’ असं कुणी मला बेळगावात सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मला ते सांगितलं एका वीस-बावीस वर्षांच्या पोरीनं. कॅनडाच्या उत्तरेत, मंचो नावाच्या सरोवराच्या काठी. आणि तिचं बरोबर होतं.

आधी तिथवर मी कशी पोचले ते सांगते. माझी लेक एडमंटनला असते. नऊ वर्षं झाली. नोकरीसाठी गेली, तिथंच राहिली, इथं येऊन लग्न केलं, जोडीनं परत गेली, आणि दोन वर्षांपूर्वी ते लग्न मोडलं. का मोडलं हे तिनं आम्हांला चार वाक्यांत सांगितलं. पाचवं वाक्य मी अजून शोधते आहे. २०२४ च्या मे महिन्यात मी एकटीच तिच्याकडं गेले. ह्यांचे गुडघे विमानात बसू देत नाहीत. निघताना ह्यांनी दोन गोष्टी बजावल्या. औषधं हातातल्या पिशवीत ठेव, आणि त्या सांगलीच्या स्थळाबद्दल योग्य वेळ बघून बोल. मुलाचा फोटो माझ्या फोनमध्ये होता. योग्य वेळ मात्र सापडत नव्हती.

लेकीनं रजा काढून ठेवली होती. मला वाटलं, दोघी मिळून घर आवरू, लोणची घालू. ती म्हणाली, ‘‘आई, आपण गाडीनं उत्तरेला जायचं. सोळा दिवस. तंबूत राहायचं.’’ मी म्हटलं, ‘‘माझं वय काय, तुझं बोलणं काय!’’ पण मनात आलं, सोळा दिवस एका गाडीत. योग्य वेळ याहून वेगळी ती काय असणार?

जून महिन्यात आम्ही निघालो. पहिल्या दिवशी सहाशे किलोमीटरच्या आसपास गाडी हाकून डॉसन क्रीकला पोचलो. तिथं चौकात एक खांब उभा आहे. अलास्का महामार्गाचा शून्य मैल तो. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. पर्ल हार्बर हे नाव तेव्हा एका ओळीत पाठ केलं होतं, डिसेंबर १९४१. त्या एका ओळीचा हा रस्ता. जपान अलास्कावर येईल या धास्तीनं अमेरिकेच्या दहा हजारांवर सैनिकांनी १९४२ साली आठेक महिन्यांत जंगल, दलदल आणि डोंगर फोडून तो काढला. त्यांतले तिसऱ्या हिश्श्याएवढे सैनिक काळे होते. त्यांच्या तुकड्या वेगळ्या ठेवलेल्या होत्या, आणि त्यांचं नाव पुढं कितीतरी वर्षं कुणी घेतलं नाही. रस्ता आज डांबरी आहे. त्यावरून एसी लावून जाताना हे आठवत राहावं, असं वाटत होतं.

आम्ही अलास्कात मात्र गेलो नाही. माझा व्हिसा फक्त कॅनडाचा. जिथं तो संपतो त्याच्या अलीकडूनच परतायचं ठरलं होतं.

सामानावरून पहिल्या दिवशीच वाद झाला. मी बेळगावहून बिनलसणाचं भडंग, शेंगाची चटणी, मेतकूट आणि लाडू नेले होते. ते सगळं रात्री गाडीत बंद करायचं, तंबूत एक दाणा ठेवायचा नाही, असा नियम. ठीक. पण लेक म्हणाली, ‘‘तुझं खोबरेल तेलपण दे.’’ दंतमंजन, साबण, ओठांना लावायचं मलमसुद्धा गाडीत. अस्वलाला वासानं कळतं म्हणे. रात्री तेल लावून वेणी घातल्याशिवाय मला झोप येत नाही. कोरड्या केसांनी झोपले आणि अस्वलांच्या नावानं बोटं मोडली.

लेकीच्या कमरेला एक लाल डबा लटकलेला असायचा. अस्वल अंगावर आलं तर त्याच्या तोंडासमोर फवारायचा. आत काय, तर मिरचीचा अर्क. मी म्हटलं, ‘‘ब्याडगी असली तर काही उपयोग नाही गं, नुसता रंग येईल.’’ ती खूप हसली. लग्न मोडल्यापासून तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. त्या डब्यानं अस्वल मरत नाही, काही वेळ हैराण होऊन निघून जातं, हे मी दोनदा विचारून घेतलं.

फोर्ट नेल्सन हे गाव मे महिन्यात वणव्यामुळं रिकामं करावं लागलं होतं. माणसं नुकतीच परत आली होती. गावाबाहेर रस्त्याकडेला काळी झाडं उभी होती, नुसते खांब. त्यापुढं डोंगर लागतात, आणि डोंगर लागले की जनावरं. स्टोन शीप नावाची रानमेंढरं रस्त्यात येऊन माती चाटत होती. मातीतलं मीठ त्यांना हवं असतं. गाड्या थांबतात, मेंढरं चाटतात. आमच्याकडं कोल्हापूरच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आली तर भोंगे वाजवून डोकं उठवतात. तिथं एकही भोंगा वाजला नाही.

त्या रात्री मंचो सरोवराच्या काठी तंबू ठोकला. हिरवट निळं पाणी, त्या रंगाची साडी मला नंतर कुठल्याच दुकानात मिळाली नाही. पाणी उकळून प्यायचं, असं पत्रकात लिहिलेलं होतं. मी माझं पाणी गाळायचं कापड काढलं. लेक म्हणाली, ‘‘आई, इथं पण?’’ मी गाळलं, उकळलं, आणि कापड उलटं करून गाळून राहिलेलं जिथलं तिथं सरोवरात सोडलं. ती बघत राहिली. लहानपणी निपाणीला माझ्या आईकडं विहिरीवर हे काम हौसेनं तीच करायची.

सकाळी मी तिच्या आधी उठले. बाकावर बसून णमोकार म्हणत होते, तर एक राखाडी पाखरू येऊन अगदी हाताशी बसलं. कॅनडा जे म्हणतात त्याला. इतकं धीट, की जणू ओळखीचंच. मागून एक खारीसारखा प्राणी दोन पायांवर उभा राहिला. माझा हात आपसूक गेला. रात्री गाडीतून काढून घेतलेला भडंगाचा डबा उघडला आणि मूठभर बाकावर पसरलं. सहा दिवसांत पहिल्यांदा मला घरी असल्यासारखं वाटलं.

तळाची देखभाल करणारी मुलगी तिकडून येत होती. ती ओरडली नाही. जवळ आली, हसली, आणि खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली. मला वाटलं, भुकेली आहे की काय! लेक तंबूतून धावत आली. मग त्या मुलीनं सांगितलं आणि लेकीनं मराठीत केलं. पाखरांना, खारींना हे दाणे पडले की त्यांच्या मागं अस्वल येतं. माणसाजवळ फुकट खायला मिळतं हे एकदा कळलं, की ते पुन्हा येतं. पुन्हा आलं की आधी त्याला लांब नेऊन सोडतात. तिथूनही आलं, तर गोळी घालतात. दोष अस्वलाचा नसतो. पण मरतं अस्वल.

मीही खाली बसले आणि दाणे वेचू लागले. कुरमुरे वेचणं सोपं, चिकटलेल्या मोहऱ्या वेचणं महाकठीण. तिघी मिळून पंधरा मिनिटं वेचत होतो. त्या मुलीनं जाताना मला एक पत्रक दिलं. त्यात आकडे होते. हरणं, मेंढरं, मूस यांच्यापासून तीस मीटर लांब राहा. अस्वल आणि लांडग्यापासून शंभर मीटर.

मला राग आला नाही, पण लागलं. इतकी वर्षं जे पुण्य म्हणून केलं ते इथं पाप निघालं. लेकीला मी म्हटलं, ‘‘द्यायचं नाही, ही कसली दया?’’ ती म्हणाली, ‘‘इथली दया अशीच आहे.’’ आणि तंबूच्या खुंट्या उपटायला लागली.

त्याच दिवशी मी ती चूक केली. गाडी चालू होती, रस्ता सरळ होता, दोघी गप्प होतो. मला ही शांतता म्हणजे योग्य वेळ वाटली. मी सांगलीचा विषय काढला. मुलगा इंजिनीअर, घरचे चांगले, त्याचंही पहिलं लग्न टिकलं नाही, म्हणजे समजून घेईल. फोन पुढं केला. तिनं गाडी कडेला घेतली, बंद केली, आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, ‘‘आई, तू नऊ हजार मैलांवरनं रोज मला काहीतरी भरवतीस. जेवलीस काय, झोपलीस काय, ह्याचा फोटो बघ, त्याचा फोटो बघ. मी आजारी नाही. मला भूक लागली की मी सांगेन.’’

पुढचे दीडशे किलोमीटर कुणी बोललं नाही. लिअर्ड नदीच्या आसपास रस्त्याच्या कडेला बायसनचा कळप चरत होता. आपल्या खानापूरच्या रानातल्या गव्याचा लांबचा भाऊबंद, पण अंगावर केसांचा गालिचा पांघरलेला. पिल्लं तांबूस. एरवी मी ओरडले असते. तेव्हा आम्ही दोघी आपापल्या बाजूच्या खिडकीतून बघत बसलो, आणि कळप एकाच बाजूला होता.

वॉटसन लेकला पोचल्यावर तिनंच बोलायला सुरुवात केली. तिथं एक जंगल आहे, झाडांचं नव्हे, पाट्यांचं. १९४२ साली रस्त्याच्या कामावरच्या एका सैनिकाला घरची आठवण अनावर झाली, तेव्हा त्यानं खांबावर आपल्या गावाच्या नावाची आणि अंतराची पाटी ठोकली. मग दुसऱ्यानं ठोकली, मग येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी. आता ऐंशी हजारांच्या वर पाट्या आहेत. मी मान वर करून बेळगाव शोधत फिरले. मिळालं नाही. लेक म्हणाली, ‘‘परत येताना लावू आपण.’’ एवढंच. पण ‘आपण’ म्हणाली.

तिथून युकॉन सुरू होतं. आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट मुलूख, आणि माणसं सुमारे ४५ हजार. म्हणजे माझ्या माहेरच्या निपाणीतसुद्धा याहून जास्त. राजधानी व्हाइटहॉर्सला आम्ही दोन दिवस राहिलो. तिथं माझ्यापुढं वेगळाच पेच उभा राहिला. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा माझा लग्नाआधीपासूनचा नियम. आणि तिथं जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री साडेअकराच्या सुमाराला! त्यानंतरही काळोख असा होतच नाही. ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, ‘‘मग काय, चैन आहे की. अकराला बस पाटावर.’’ पण अकराला जेवायचं म्हणजे नियमाच्या अक्षराला धरून नियमालाच फसवायचं. मी घड्याळ बघून सहाला जेवू लागले. त्यात सूर्याचा काही संबंध राहिला नाही, हे मलाही कळत होतं. नियम कशासाठी केला होता, हे मला इतक्या वर्षांत प्रथमच स्वतःला विचारावं लागलं. अंधारात ताटात जीव पडू नये म्हणून. ठीक. उजेडातही ताटात डास पडत होतेच.

डासांबद्दल खरं तेच लिहिते. ते जथ्थ्यानं येतात, कानात शिरतात, डोळ्यांत शिरतात. मी जाळीची टोपी घातली, पूर्ण बाह्यांचे कपडे घातले, हातमोजे घातले. चार इंद्रियांचा जीव, मारायचा नाही. पण एकदा पहाटे मानेवर चावा बसला आणि हात उठला. तळहातावर रक्ताचा ठिपका होता. माझंच रक्त. लेकीनं पाहिलं, पण बोलली काही नाही. मीही तिच्या आम्लेटकडं पाहून काही बोलत नव्हतेच की.

शेवटचा मुक्काम क्लुएन सरोवरावर. मागं बर्फाचे डोंगर. कॅनडातलं सर्वांत उंच शिखर, ५,९५९ मीटरचं माउंट लोगन, त्यांच्याही मागं कुठंतरी. सरोवराच्या टोकाला एक रुंद पांढरं पात्र आहे, त्यातून धूळ उडत असते. ती नदी होती. हिमनदी वितळत मागं हटली आणि २०१६ साली काही दिवसांत नदीचं बहुतेक पाणी दुसऱ्याच बाजूला वळलं. आधी हे पाणी उत्तरेकडं जाऊन बेरिंग समुद्राला मिळायचं, आता दक्षिणेला पॅसिफिकला जातं. सरोवर खाली गेलं. आमच्या जिल्ह्यात म्हादईचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावरून इतकी वर्षं आंदोलनं चालली आहेत, लवाद झाला, कोर्ट झालं. इथं कुणाला न विचारता नदी निघून गेली. लेक म्हणाली, ‘‘बघ, एकदा वाट बदलली की बदलली.’’ मी तिच्या बोलण्यात काही शोधलं नाही. शोधायची सवय मोडायचा प्रयत्न चालू होता.

तिथल्या तळावर तंबूंसाठी विजेचं कुंपण घातलेली जागा आहे. माणसं कुंपणात आणि अस्वलं मोकळी. मला तो न्याय आवडला.

आणि दुसऱ्या दिवशी ती दिसली. रस्त्याच्या वरच्या उतारावर, पिवळ्या फुलांच्या गवतात. ग्रिझली, आणि मागं एक पिल्लू. आम्ही गाडी बाजूला घेतली, काचा वर, आत बसून राहिलो. लेकीनं दुर्बीण माझ्या हातात दिली. एवढं अवाढव्य जनावर, खांद्यावर वशिंडासारखा उंचवटा, आणि करत काय होतं, तर फुलं खात होतं! मग पंजानं माती उकरून मुळं काढायला लागलं. मी म्हटलं, ‘‘बघ, शाकाहारी आहे, पण कंदमुळं खाते.’’ लेक हसून हसून स्टिअरिंगवर पडली.

पिल्लू लांब गेलं. आईनं मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा खाली घातली. पिल्लू आणखी लांब गेलं. तिनं पुन्हा बघितलं. जागची हलली नाही. बघायची मात्र एकदाही चुकली नाही. मी विचारलं, ‘‘किती दिवस राहतं गं आईपाशी?’’

‘‘दोन-तीन वर्षं. मग आईच हाकलून देते.’’

‘‘हाकलते?’’

‘‘हो. तिला ठाऊक असतं, आता येतं ह्याला.’’

माझी लेक तेहतीस वर्षांची आहे. एवढी मोठी गाडी एकटी हाकते, पावसात तंबू ठोकते, अस्वलाच्या रानात मला सुखरूप झोपवते, आणि पहाटे उठून माझ्यासाठी पाणी उकळून ठेवते. गेल्या दहा दिवसांत कोण कुणाला सांभाळत होतं? मी दुर्बीण खाली ठेवली. तिच्याकडं बघावंसं वाटलं, पण बघितलं नाही. समोरच बघत बसले. चाळीस मिनिटं आम्ही तशाच होतो. मग त्या दोघी झुडपांत शिरल्या आणि उतार रिकामा झाला.

त्या रात्री कुंपणाच्या आत, तंबूत, अर्धवट उजेडात लेकीनं आपण होऊन पाचवं वाक्य सांगितलं. सहावंही. ते मी इथं लिहिणार नाही, ह्यांनाही सांगितलेलं नाही. मी मध्ये एकदाही बोलले नाही. हे लिहायला सोपं आहे. करायला मला जीभ दातांखाली धरून ठेवावी लागली. तोंडाशी आलेले सगळे उपदेश मी भडंगाच्या मोहऱ्यांसारखे एकेक वेचून घेतले. तिचं बोलून झाल्यावर मी एवढंच विचारलं, ‘‘थंडी वाजालीय काय?’’ ती म्हणाली, ‘‘थोडी.’’ मी माझी शाल सरकवली. तिनं घेतली.

परतताना वॉटसन लेकला थांबलो. भडंग संपलं होतं. त्या डब्याच्या झाकणावर लेकीनं रंगानं लिहिलं, ‘बेळगाव’. अंतर किती लिहायचं यावर बराच खल झाला. विमानाचं की रस्त्याचं, मैल की किलोमीटर. शेवटी तिनं आकडा लिहिलाच नाही. झाकण एका खांबावर ठोकलं. डबा बिनझाकणाचा परत आणला, आता त्यात मी मिठाच्या पिशव्या ठेवते.

सांगलीचं स्थळ मी ह्यांना कळवून टाकलं, नको म्हणून. ह्यांनी विचारलं, ‘‘ती नको म्हणाली?’’ मी म्हटलं, ‘‘मी विचारलं नाही.’’ ते खोटं होतं. एकदा विचारलं होतं. पण पुन्हा विचारलं नाही, हे खरं.

गच्चीवर ज्वारी मी अजून टाकते. बेळगावच्या चिमण्यांमागं अस्वल येत नाही. मुंग्यांची साखरही चालू आहे. बदललं ते एवढंच, की रोज रात्रीचा माझा फोन मी बंद केला. पहिला आठवडा फार जड गेला. हात सारखा फोनकडं जायचा, आणि मी मनातल्या मनात मीटर मोजायची. आठव्या दिवशी तिचा आला. म्हणाली, ‘‘आई, आज मी धपाटी केली. तीळ कधी लावायचे गं, थापायच्या आधी का नंतर?’’

मी सांगितलं. आणि दुसरं काही विचारलं नाही.